वडिलांच्या फियाटचा रंग बदलावा का?

आपण विचारले आहे की, वडिलांनी 1969 साली घेतलेली फियाट 1100 डिलाइट आता आपल्याकडे आली आहे, तिचा फिकट निळा रंग निस्तेज होऊन ठिकठिकाणी उडाला आहे, आणि रंगकाम करायचेच आहे तर तोच रंग ठेवावा की गाडी काळी किंवा गर्द मरून करावी. माझ्याकडे 1978 सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे याच फियाटची पुढची आवृत्ती, आहे. मी तिचा रंग एकदा बदलला आणि काही वर्षांनी दुप्पट खर्च करून तो पुन्हा मूळ रंगावर आणला, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहीत आहे.

कोणता रंग द्यावा हे ठरवण्याआधी गाडीवर आज कोणता रंग आहे ते शोधावे लागते. पंचावन्न वर्षांत मुंबईतली गाडी एकदाही रंगली नसेल असे सहसा होत नाही, पण होते. मागची सीट उचलून तिच्याखालचा पत्रा पाहा, डिकीतली स्टेपनी काढून तो खड्डा पाहा, दाराच्या आतले आवरण सोडवून मागची बाजू पाहा, आणि शक्य असल्यास डॅशबोर्डच्या मागे टॉर्च मारा. या जागांपर्यंत पुन्हा रंगवणाऱ्यांची फवारणीची गन सहसा पोहोचत नाही. तिथला निळा आणि बाहेरचा निळा एकाच जातीचा दिसला, तर बाहेरून लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून मडगार्डच्या कडेने आणि दाराच्या खालच्या भागावर फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे खाली लांबीचा, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचा, जाड थर आहे, म्हणजेच तिथे पूर्वी डेंटिंग झालेले आहे. एखाद्या चांगल्या गॅरेजमध्ये रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र असेल तर अधिक उत्तम. कारखान्यातला थर साधारण 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि आकडा त्याच्या दुपटीवर गेला की वर दुसरे काम झाले आहे असे समजावे.

बाहेरचा रंग बहुतांशी मूळचाच निघाला, तर माझे मत स्पष्ट आहे: गाडी रंगवूच नका. निस्तेज दिसणारा रंग पुष्कळदा मेलेला नसतो, त्याचा फक्त वरचा पापुद्रा उन्हाने आणि खाऱ्या हवेने भुकटीसारखा झालेला असतो. बोनेटवर ओले फडके फिरवून पाहा. पाणी असेपर्यंत जो निळा दिसेल, तो हलक्या हाताच्या पॉलिशने बराचसा परत मिळू शकतो. जिथे पत्रा उघडा पडला आहे तिथे गंज काढून, प्रायमर लावून तेवढाच भाग रंगवून घ्यावा. या गाड्या जिथे बनत त्या कुर्ल्याच्या कारखान्यात बसलेला तो थर उतरवला की कोणताही पेंटर, कितीही पैसे घेतले तरी, तो परत देऊ शकत नाही.

माझ्या हातून नेमकी हीच चूक झाली. माझी गाडी हस्तिदंती होती आणि मला ती मरून हवी होती. गॅरेजवाल्याने आठ दिवसांत बाहेरून सुंदर काम करून दिले, पण दार उघडले की चौकट हस्तिदंती, बोनेट उचलले की आतली बाजू हस्तिदंती, आणि दोन पावसाळ्यांनंतर दाराच्या कडांवर जिथे जिथे टवका उडाला तिथे खालून पांढरट रेघ दिसू लागली. मूळ रंगावर परतायचे ठरवले तेव्हा बाहेरचा जुना थर आधीच्या घासकामात बहुतेक गेला होता, आणि शेड जुळवायला न विटलेला असा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे तळहाताएवढा तुकडा तेवढा उरला होता. आपण काहीही ठरवले तरी असा एक तुकडा जाणीवपूर्वक राखून ठेवावा, आणि शेड त्यावरूनच, दिवसाच्या उजेडात जुळवावी. छतावरचा निळा उन्हाने फिका झालेला असतो, तो नमुना म्हणून देऊ नये.

आता दुसरी शक्यता. मूळ रंग कधीच गेलेला असेल, दोन-तीन थर चढलेले असतील आणि खाली गंज असेल, तर पत्र्यापर्यंत उतरवण्यावाचून इलाज नाही, आणि तेव्हा रंग निवडण्याचा अधिकार खरोखर आपला आहे. तरीही काळा रंग मी देणार नाही. मुंबईच्या नजरेत फियाट आणि काळा रंग एकत्र आले की टॅक्सीच आठवते. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली, पण ती आठवण गेलेली नाही. आपल्या वडिलांनी घरची गाडी म्हणून घेतलेल्या फियाटला ती ओळख चिकटावी असे मला वाटत नाही. मरून शोभेल, पण तो साधा असावा. मेटॅलिक चमक त्या काळच्या गोलसर पत्र्यावर परकी वाटते.

रंग बदलणे म्हणजे काचा, रबर, बिडिंग (कडेच्या शोभेच्या पट्ट्या), सीट, आतली आवरणे आणि शक्यतो इंजिनही बाहेर काढणे. एवढे करायचे नसेल तर आहे त्याच रंगात रंगवणे कितीतरी शहाणपणाचे. पेंटर अजूनही कोणत्याही फवारणीच्या रंगाला ड्युको म्हणतात, म्हणून नक्की काय मारणार ते विचारून घ्यावे. जुन्या पद्धतीचा नायट्रोसेल्युलोज रंग थिनर उडून वाळतो, टूके (दोन भाग मिसळून वापरायचा) पॉलियुरेथेन हार्डनरमुळे पक्का होतो आणि आपल्या हवेत जास्त टिकतो. साध्या रंगावर वेगळा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, न देता रंग आणि चमक एकाच थरात देणारा पॉलियुरेथेन मारला तर चमक जुन्या गाडीला साजेशी राहते. जुन्या थरात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासू न देता पाणी लावूनच घासायला सांगावे. काम पावसाळ्यात मुळीच काढू नये. दमट हवेत नायट्रोसेल्युलोजवर पांढुरके धुके येते आणि उघड्या पत्र्यावर एका रात्रीत गंज धरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

कागदपत्रांकडेही पाहावे. आरसीमध्ये रंगाची नोंद असते, त्यामुळे बदल केल्यास आरटीओकडे अर्ज करून ती दुरुस्त करून घ्यावी आणि विमा कंपनीला कळवावे. पुढे मन ऑलिव्ह ग्रीनकडे वळले, तर तो रंग केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. आपली गाडी पन्नाशी ओलांडलेली असल्याने 2021 च्या नियमांखाली तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. त्या व्याख्येत चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे, आणि नोंदणीनंतर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही.

पेंटरकडे जाण्याआधी एका रविवारी सकाळी मागची सीट उचलून पाहा आणि जुने आरसी बुक सोबत घेऊन त्यातल्या रंगाच्या नोंदीशी खालचा पत्रा ताडून पाहा. तिथे काय दिसले ते इथे लिहिलेत, तर पुढचे मी नक्की सांगेन.