कुणाच्या आवाजात ऐकावं?

ऑडिओबुकांविषयी इंदूरच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरं.

प्रश्न : राजेंद्रनगरहून पीथमपूरला कंपनीच्या बसनं जाता-येता पाऊण-पाऊण तास मिळतो. हरारींचं मानवजातीच्या इतिहासावरचं इंग्रजी ‘सेपियन्स’ लावलं. आवाज छान, पण चार प्रकरणांनंतर डोक्यात काही उरत नाही. माहितीपर पुस्तकं ऐकून होतच नाहीत का?

उत्तर : होतात, पण सगळी नाही. ‘सेपियन्स’ त्यातल्या त्यात सोपं, कारण हरारी मुद्दासुद्धा गोष्टीसारखा सांगतात. डेरेक पर्किन्स यांचं वाचनही स्वच्छ आहे. फक्त सूर इतका एकसारखा, की लेखकाचा अंदाज कुठला आणि सिद्ध झालेलं काय, हे कानाला कळत नाही.

पुस्तक सव्वापंधरा तासांचं आहे. रोजच्या दीड तासानं दहा-अकरा दिवस, १.२५ वेगानं आठ-नऊ. बसमध्ये त्याहून वेग वाढवू नका. इंजिनाच्या घरघरीत आधी व्यंजनं बुडतात, आणि वेग वाढला की तीच आखूड होतात. आवाज वाढवणं हाही उपाय नाही. इयरफोनच्या डबीत रबरी टोपणांचे दोन-तीन आकार असतात, त्यातलं कानात घट्ट बसणारं लावा. बहुतेक जण बसवून आलेलं मधलंच वापरत राहतात.

डोक्यात न उरण्याचं कारण मात्र सलग ऐकणं हे आहे. छापील पानावर डोळा आपसूक मागे जातो. ऐकताना मागे जायला बटण दाबावं लागतं, आणि ते कोणी दाबत नाही. स्लीप टायमर, म्हणजे ठरलेल्या ठिकाणी पुस्तक आपोआप थांबवणारी ॲपमधली सोय, दिवसाही ‘प्रकरणाच्या शेवटी’वर ठेवा. पुस्तक थांबलं की दोन मिनिटं दुसरं काही लावू नका. मुद्दा स्वतःच्या शब्दांत जुळतो का पाहा. जुळला नाही तर येताना तेच प्रकरण पुन्हा. बुकमार्क करताना दोन शब्दांची नोंद लिहा. नुसती खूण महिन्यानं बघितली तर ती का केली हेच आठवत नाही.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांचं, माणूस विचार कसा करतो यावरचं ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ मात्र कागदावरच वाचा. सुरुवातीलाच १७ गुणिले २४ हा गुणाकार समोर येतो, पुढे टोकांना उलटसुलट बाण काढलेल्या, सारख्याच असून लहान-मोठ्या दिसणाऱ्या दोन रेघा बघायच्या असतात. बसमध्ये काय बघणार?

आत्मकथनांचं याच्या अगदी उलट. दक्षिण आफ्रिकेचा विनोदवीर ट्रेव्हर नोआ याचं ‘बॉर्न अ क्राइम’ त्यानं स्वतः वाचलंय. पावणेनऊ तासांत एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उडी, आईच्या बोलण्याची नक्कल आणि तिथल्या खोसा भाषेतले जीभ टाळूवर आपटून काढलेले उच्चार, यातलं काहीच छापील पानावर उतरत नाही. तुमच्या बससाठी हेच आधी घ्या. मिशेल ओबामांचं ‘बिकमिंग’ही त्यांच्याच आवाजात, १९ तासांचं. त्या वाचनाला २०२० मध्ये ग्रॅमी मिळालं. शिकागोच्या बालपणाचा भाग सुरेख. निवडणूक प्रचाराचा भाग लांबलेला, तिथे वेग वाढवला तर फारसं बिघडत नाही.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या. बारीक अक्षर वाचवत नाही. ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘मृत्युंजय’ ऐकायचंय. पण ऐकता ऐकता झोप लागते आणि सकाळी पुस्तक भलतीकडेच गेलेलं असतं. कधी ॲप मध्येच बंद पडतं. (लोकमान्यनगर)

उत्तर : आधी फोन. स्क्रीन बंद झाल्यावर ॲप थांबत असेल तर बहुधा बॅटरी वाचवण्याची सोय त्याला बंद करते. सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग ते ॲप, मग बॅटरी, आणि तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’. काही फोनांवर नाव थोडं वेगळं दिसेल. पुस्तक वाय-फायवर आधी डाउनलोड करून ठेवा; ६४ केबीपीएस (सेकंदाला किती डेटा, याचं माप) दर्जाला तासाला साधारण २९ एमबी लागतात, म्हणजे दहा तासांचं पुस्तक ३०० एमबीच्या आत. स्लीप टायमर २० मिनिटांचा. सकाळी १० मिनिटं मागे जाऊन सुरू करायचं, एवढं एकच बटण त्यांना शिकवा.

आता पुस्तकं. ‘स्मृतिचित्रे’तलं लक्ष्मीबाई टिळकांचं लिखाण मुळातच बोलल्यासारखं आहे. त्यांचा विनोद कोरड्या चेहऱ्यानं सांगितलेला, त्यामुळे वाचणाऱ्यानं गोड, हळवा सूर लावला की तो मेला. पुस्तक घेण्याआधी ॲपवर थोडासा नमुना ऐकताना एखादा विनोदी प्रसंग शोधा. वाचणारी व्यक्ती आधीच हसत असेल तर ते रेकॉर्डिंग सोडा.

‘मृत्युंजय’ची अडचण वेगळी. त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापल्या तोंडून बोलतात. पुस्तकात वर नाव छापलेलं दिसतं. ऐकताना मधूनच सुरू केलं तर हा ‘मी’ कोण, हे कळत नाही. म्हणून नमुना कर्णाचा आणि कुंतीचा, दोन्ही ऐका. एकच वाचक असला तरी हरकत नाही, लय बदलली पाहिजे. आवाज बारीक करून बायकी बोलणारा नको.

सासूबाईंची दृष्टी खरोखरच अधू असेल तर ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय बघा. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागानं डेझी फोरम ऑफ इंडिया या अशाच वाचकांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या मंचाबरोबर २०१६ मध्ये ते सुरू केलं. सदस्यत्वासाठी तसा दाखला लागतो. त्यातली बरीच पुस्तकं यंत्राच्या आवाजात ऐकायची असतात, हे आधी सांगून ठेवा.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा. घरी मराठी बोलतो, वाचतो मात्र हिंदी-इंग्रजी. ‘श्यामची आई’ ऐकवावं का? (स्नेहनगर)

उत्तर : जरूर. श्याम रात्री मित्रांना एकेक आठवण सांगतो, त्यामुळे रोज एकच रात्र लावता येते. पुस्तक त्याच्या समोर उघडं ठेवा आणि वेग ०.९ करा, पहिली दहा मिनिटं बोट ओळीवर, पुढे नुसतं ऐकणं. लिपी हिंदीचीच असल्यानं अडखळणं अक्षरांवर नसतं, ‘ळ’वर आणि ‘च’, ‘ज’च्या दोन उच्चारांवर असतं. यंत्राचा आवाज नेमका इथेच चुकतो, म्हणून मुलासाठी माणसानं वाचलेलंच हवं. मागे बासरी वाजत असेल किंवा वाचणाऱ्यालाच रडू फुटत असेल, तर दुसरं रेकॉर्डिंग शोधा.

प्रश्न : वडिलांसाठी गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ फोनवर स्वतः रेकॉर्ड करावं म्हणतो. स्टुडिओशिवाय जमेल? (महू)

उत्तर : जमेल, आणि महूत बसून ऐकायला याहून योग्य पुस्तक कुठलं! १८५७च्या बंडाची बातमी भटजींना महूच्या आसपासच कळली होती. पुस्तक १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापलं, पण मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. वाचायला तीच घ्या.

कपड्यांचं उघडं कपाट समोर, पंखा बंद, फोन विमान मोडवर. फोन तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला. अगदी समोर धरला तर ‘फ’, ‘भ’ फुटतात. आधी मिनिटभर वाचून ऐका. पाठीमागे फ्रिजची गुणगुण आली तर खोली बदला, नंतर ती नीट काढता येत नाही. वाक्य चुकलं तर थांबू नका: एक टाळी वाजवा आणि वाक्य पहिल्यापासून वाचा. टाळीची उभी रेघ संपादनाच्या ॲपमधल्या आवाजाच्या आलेखात लगेच दिसते, मागचा तुकडा कापायला सोपं जातं. वाक्यं लांबलचक आहेत, म्हणून श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीची तिरपी रेघ आधीच मारून ठेवा. एका बैठकीत अर्धा तास पुरे. पुढे घसा सुकतो आणि जिभेचे चटचट आवाज येऊ लागतात. दर प्रकरणाची वेगळी फाइल, नावाआधी ०१, ०२ असे आकडे, नाहीतर काही प्लेअर दहावं प्रकरण पहिल्याच्या पाठोपाठ लावतात.