तुर्भ्यातल्या बालवाडीतली मुलं पहिलीसाठी तयार झाली का, हे कसं तपासायचं?

नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर वस्तीत तुमच्या संस्थेच्या 4 बालवाड्या, 100 च्या आसपास मुलं. देणगीदाराला फरक दाखवायचाय म्हणून जूनला एक चाचणी, मार्चला एक आणि वजाबाकी, एवढं पुरेल का, असा प्रश्न आहे. नाही पुरणार. पाच वर्षांचं मूल बालवाडीत न जाताही नऊ महिन्यांत बरंच शिकतं. ती सगळी वाढ आपल्या नावावर लावणं मला पटत नाही.

त्यापेक्षा वय जुळवा. मार्चमध्ये जी मुलं 5 वर्षं ते 5 वर्षं 3 महिन्यांची असतील, त्यांचे गुण जूनमध्ये पहिल्यांदाच बालवाडीत येणाऱ्या त्याच वयाच्या मुलांशी ताडून बघा. वस्ती तीच, जास्तीचा खर्च जवळपास नाही. जन्मतारीख दाखल्यावरूनच घ्या. उशिरा दाखल होणाऱ्यांची घरची परिस्थिती वेगळी असू शकते, म्हणून आईचं शिक्षणही नोंदवा.

चाचणी एकेका मुलाची, 15 ते 20 मिनिटं, घरी बोलतात त्या भाषेत. शिकवणाऱ्या ताईंनी आपल्याच मुलांची घेऊ नये, बालवाड्यांची अदलाबदल करा. अक्षरं गिरवता येतात का, याला फार गुण देऊ नका. चित्र बघून सांगणं, दोन-तीन सूचना लागोपाठ पाळणं, शब्दाचा पहिला आवाज ओळखणं, वस्तू मोजून देणं, हे बघा.

मोजण्याचंच घ्या. समोर बाटल्यांची 10 बुचं ठेवून म्हणा, "मला 4 दे." शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं मूलही कधी कधी सगळी बुचं उचलून हातात देतं. आकडे पाठ झालेत, संख्या अजून कळलेली नाही. इथे चूक होते ती मोठ्यांची: चौथं बूच आलं की ताईंची मान नकळत हलते, हात पुढे येतो आणि मूल थांबतं. बुचं हातात घेऊ नका, वाटीत टाकायला सांगा, नजर कागदावर ठेवा. पहिल्या 10 मुलांच्या चाचणीला दोन ताई बसाव्यात आणि दोघींनी गुण वेगवेगळे लिहावेत. ते जुळत नसतील तर सूचना नव्याने लिहा, मगच पुढे जा.

मार्चची चाचणी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, कुटुंबं गावी जायला लागतात. मध्येच सोडून गेलेल्या मुलांचे जूनचे गुण वेगळे काढून अहवालात द्या. गेलेली मुलं मुळात मागे असतील, तर मार्चची सरासरी काही न करताच वर गेलेली दिसते.