मलेशियात राजाही आहे आणि निवडणुकाही होतात, मग सरकार नक्की कोण चालवतं?

पंतप्रधान आणि त्यांचं मंत्रिमंडळ. मग राजा कशाला आणि एका देशात नऊ राजे कसे, हेही तुम्ही विचारलंय.

माझं आजोळ आटपाडी. आज सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा औंध संस्थानात होतं. १९३९ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी आपणहून कारभार लोकांच्या हाती सोपवला. गावानं पंचायत निवडायची, तिथून पुढे तालुका आणि विधिमंडळ. आजोबा सांगायचे, पंत गादीवरच होते, पण विहिरीचं, शाळेचं गाऱ्हाणं घेऊन माणसं पंचायतीकडे जायला लागली. घटनात्मक राजेशाहीची ही कल्पना मला त्यांच्या तोंडूनच कळली.

औंध लहानसं होतं. मलेशियात यावर संघराज्यही आहे. १३ राज्यांपैकी नऊ राज्यांत वंशपरंपरेचे राजे, चारांत राज्यपाल. ते नऊ राजे दर पाच वर्षांनी आपल्यातला एक देशाचा राजा म्हणून निवडतात. पाळी जवळपास ठरलेलीच असते. जानेवारी २०२४ पासून जोहोरचे सुलतान इब्राहिम आहेत. जमीन आणि इस्लामविषयक कायदे राज्यांकडे, संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार केंद्राकडे. पोलीसही केंद्राचे, इथे आपल्यापेक्षा वेगळं आहे.

राजा बहुतेक कामं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच करतो. त्याचा स्वतःचा निर्णय लागतो तो पंतप्रधान नेमताना. लोकसभेसारख्या त्यांच्या सभागृहात २२२ जागा. बहुमत कोणाच्या पाठीशी असेल असं त्याला वाटतं, त्या खासदाराला तो नेमतो. स्पष्ट बहुमत असलं की प्रश्नच नाही. पण फेब्रुवारी २०२० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी राजीनामा दिला आणि कोणाकडे किती खासदार ते कळेना. तेव्हा राजानं खासदारांना राजवाड्यावर बोलावलं आणि दोन दिवस एकेकाला भेटून पाठिंबा कोणाला ते विचारलं. मुहिद्दीन यासिन यांची नेमणूक त्यानंतर झाली. मला या पद्धतीतलं हे फार मोलाचं वाटतं: राजाला स्वतःची आवड सांगायची नव्हती, सभागृहाचा कौल शोधायचा होता.

आणि राजानं विधेयकावर सहीच केली नाही तर? ३० दिवस उलटले की त्याचा आपोआप कायदा होतो. राजांच्या मानमरातबाला, अधिकारांना हात घालायचा असेल तर मात्र नऊही राजांच्या परिषदेची संमती लागते.