आधी त्याला घरच्या भाषेत बघ

प्रिय पोरी,

तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते. "बाई, त्याच्या आईला घरात मराठी बंद करायला सांगू का?" असं तू विचारलंस. नको. अजिबात नको. तुला हे कुणीही सुचवलेलं असू दे, ते माणूस कितीही शिकलेलं असू दे, तरी नको.

आता त्या मुलाकडं वळू. चार वर्षं पूर्ण झालेली, तुझ्या अंगणवाडीत येऊन तीन महिने झाले, तोंडातून शब्द नाही. प्रार्थना सुरू झाली की कान झाकतो, दाराच्या कडीशी कितीही वेळ खेळत बसतो. बाकीची पोरं उठली की उठतो, पण तू कन्नडमध्ये "इल्ली बा", म्हणजे "इकडं ये", म्हणालीस तर मान वळवत नाही. वडील गोव्यात कामाला, घरी आई आणि आजी. कन्नड कळत नसेल, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असेल, नाहीतर कान, अशा तीन शंका तू लिहिल्यास. तिन्ही शंका रास्त आहेत. पण तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा चाळलं, त्यात एक गोष्ट मला कुठंच सापडली नाही. या तीन महिन्यांत तू त्या पोराशी मराठीत बोललीस का?

तू स्वतः मराठी घरातली. रजिस्टर कन्नडमध्ये, मीटिंग कन्नडमध्ये, सुपरवायझर येऊन विचारणार तेही कन्नडमध्ये, म्हणून उंबरा ओलांडला की तूही कन्नडच बोलतेस. यात तुझा दोष काढत नाही. नोकरी नवी आहे, आणि कर्नाटकातल्या आपल्या खानापूर तालुक्यात हे सगळ्याच जणी करतात. पण एवढं लक्षात ठेव: जे मूल तू बघते आहेस ते परक्या भाषेतलं मूल आहे. ते कसं आहे हे तुला अजून माहीतच नाही. आधी त्याला घरच्या भाषेत बघ. मग शंका घे.

उद्या मदतनीसबाईंना सांग. त्या गावातल्याच आहेत, त्या पोराला घरी काय नावानं हाक मारतात ते त्यांना ठाऊक असणार. तेच नाव घेऊन, घरी बोलतात तसं बोलून हाक मारायची. मग आजीकडं जा. आईकडं आधी नको, आई घाबरलेली असते आणि तुला बरं वाटेल तेच सांगते. आजीला "बोलतो का?" असं विचारलंस तर "बोलतो की" म्हणून मोकळी होईल. "भूक लागली की काय करतो?" असं विचार. हात धरून चुलीकडं ओढतो, की बोट दाखवतो, की "दूध" म्हणतो? आवडीची वस्तू सापडली की कुणाला दाखवायला आणतो का? तू आभाळात बोट केलंस तर तो बोटाकडं बघतो की आभाळाकडं? काठीचा घोडा, करवंटीचा भात असलं खोटं-खोटं खेळतो का? यांतल्या एकाही गोष्टीला ना कन्नड लागतं ना मराठी. बोट दाखवणं, नजरेला नजर देणं, खेळात सोंग घेणं हे कुठल्याही भाषेच्या मुलात सारखंच असतं.

नवीन भाषेत येऊन पडलेलं मूल गप्प राहतं, काही आठवडे, कधी काही महिने. तो आजार नव्हे. पण ते मूल गप्प राहूनही खुणा करतं, हसतं, दुसऱ्याचं बघून खोड्या काढतं आणि घरी गेल्यावर आजीचे कान किटवतं. घरीही गप्प असेल, खुणाही नसतील, तर ते कन्नडमुळं नाही. वर्षाच्या आसपास बोटानं दाखवणं नाही, दीड वर्ष होत आलं तरी एक अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांला दोन शब्द जोडणं नाही, किंवा कुठल्याही वयात आलेले शब्द गेले, तर थांबायचं नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले एकत्र मोज. "पाणी" मराठीत आणि "ऊटा" (जेवण) कन्नडमध्ये म्हणत असेल तर ते दोन शब्द झाले. नुसत्या कन्नडमधले मोजलेस तर आपल्या भागातलं निम्मं गाव मंद ठरेल.

आणि कान. कान झाकतो म्हणजे ऐकू येतं, असं धरून चालू नको. मोठा आवाज बोचतो आणि बोलण्यातले बारीक आवाज निसटतात, असंही असतं. स, श हे तर पहिल्यांदा निसटतात. सर्दी-पडशानं कानाच्या पडद्यामागं पाणी साचलं की आज ऐकू येतं, उद्या कमी येतं. त्यात तू लिहिलंस, बाकीची पोरं उठली की तोही उठतो. त्या वाक्याखाली मी रेघ मारली आहे. ज्याला नीट ऐकू येत नाही ते मूल डोळ्यांनी ऐकतं, शेजाऱ्याचं बघून सगळं करतं आणि बाईंना वाटतं, समजतंय की. म्हणून त्याला एकट्याला बसव, मागून हाक मार, घरच्या नावानं. पाय आपटू नको, टाळी वाजवू नको. पाय आपटल्याची थरथर जमिनीतून कळते आणि टाळीचा वारा मानेला लागतो.

मी हे एवढं का ताणते आहे ते सांगते. मी निपाणीत बालवाडीवर असताना एक पोरगी होती. आई विड्या वळायची. घर कन्नड, रायबागकडून आलेलं. बालवाडी आमची मराठी. पोरगी शांत, गोड, पंगतीत बसायची, गाण्याला हात हलवायची. सगळे म्हणायचे, कन्नड घरातली आहे, मराठी कळत नाही, शिकेल हळूहळू. मला ते पटत नव्हतं. शेजारच्या कन्नड बाईंना बोलावून मी मागून हाक मारायला लावली, तिच्या भाषेत, तिच्या लाडक्या नावानं. पोरगीनं मान वळवली नाही. मी घरी जाऊन सांगितलं, वरच्यांना सांगितलं, पुन्हा सांगितलं. "शाळेत गेली की बोलेल" हेच उत्तर सगळीकडून. मिरजेला नेऊन कानाची तपासणी झाली तेव्हा तिचे दुधाचे दात पडायला लागले होते. कानाचं मशीन बसलं, पण भाषा रुजायची वर्षं हातातून गेली होती. अपंगांचा १९९५ चा कायदा तेव्हा आलेला होता, कागदावर सगळं होतं. ती वर्षं मात्र तिला कुणी परत दिली नाहीत, आणि हे मला अजून सलतं.

म्हणून कुणी मला म्हणालं की बाई सीमाप्रश्न अंगणवाडीत आणतात, तर मला राग येतो. म्हणाले आहेत लोक. सीमेबद्दलची माझी मतं पक्की आहेत, ती मी लपवलेली नाहीत. पण निपाणीच्या त्या पोरीसाठी मी कन्नड मागत होते. तुझ्या पोरासाठी मराठी मागते आहे. उद्या तुझ्याकडं गवळी धनगराचं, उर्दू घरातलं, कोकणी बोलणारं मूल आलं तर तेच मागेन. कुठली भाषा हा प्रश्नच नाही. ज्या भाषेत त्याला पदराखाली झोपवतात त्या भाषेत त्याला आधी बघा, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि यावर मी हट्टी आहे. हट्टी असल्यामुळं माझ्या बदल्या झाल्या, माणसं तुटली. तरी हे सोडलं नाही, आणि बरोबर केलं असंच मी मानते.

आता तो "मराठी बंद करा" वाला सल्ला. दोन भाषांनी मूल गोंधळतं, म्हणून एकच ठेवा, असं आई-बापांना अजूनही सांगितलं जातं. हे खोटं आहे. दोन भाषा ऐकल्यानं बोलणं उशिरा येण्याचा विकार होत नाही, ऑटिझम होत नाही. ऑटिझम असलेली, डाऊन सिंड्रोम असलेली मुलंही दोन भाषा शिकतात, आपल्या आपल्या कुवतीनं शिकतात, आणि एक काढून घेतल्यानं दुसरी भराभर येत नाही. यावर जगभर अभ्यास झाले आहेत, ही माझ्या एकटीची समजूत नाही.

पण अभ्यास बाजूला ठेव आणि घरात काय होतं ते बघ. शहापुरातली एक आई मला भेटली होती. तिला सांगितलं होतं, घरात फक्त शाळेची भाषा बोला. तिला ती भाषा बाजारापुरती यायची. मग ती काय बोलणार? "बस", "खा", "नको", "चल". न्हाऊ घालताना, भात कालवताना ती जे बडबडायची ते सगळं बंद झालं. आजीच्या गोष्टी बंद झाल्या, कारण आजीला तर तेवढंही येत नव्हतं. पोराच्या हातात मोबाईल आला, त्यात हिंदी कार्टून. ज्याला माणसाच्या बोलण्याची सगळ्यांत जास्त गरज होती त्याच्या घरातलं बोलणंच संपवलं, आणि वर त्याला उपचार म्हटलं! मी त्या बाईला सांगितलं, आजपासून पोराशी पोटभर बोल, तुझ्या भाषेत बोल. ती रडायला लागली. ही तुझ्याच एवढी मुलगी होती, म्हणून तुझं पत्र वाचून माझा जीव वरखाली झाला.

तपासण्या होईपर्यंत वर्गात काय करायचं, असंही तू विचारलंस. यात अवघड काही नाही. दिवसाचा क्रम चित्रांत काढून भिंतीवर त्याच्या उंचीला लाव: चप्पल काढणं, प्रार्थना, खेळ, हात धुणं, दूध-अंडं, घर. एक गोष्ट संपली की त्याच्या बोटानं पुढच्या चित्राकडं न्यायचं. प्रार्थनेला त्याला दाराशी मदतनीसबाईंजवळ उभा कर, ओढून रांगेत आणू नको. एका वेळी एकच सूचना, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, आणि मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांब. आपण बायका थांबत नाही, लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सांगतो, आणि मुलाला प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्या दाराच्या कडीचा राग करू नको. त्याच्या शेजारी बस, तूही कडी वाजव, मग थांब आणि त्याच्याकडं बघ. त्यानं तुझ्याकडं बघितलं की पुन्हा वाजव. त्या बघण्यातूनच बोलणं सुरू होतं.

वही ठेव. वहीत "हट्टी", "मंद", "लक्ष देत नाही" असलं काही लिहायचं नाही. तारीख, काय झालं, कुठल्या भाषेत हाक मारली, त्यानं काय केलं. "मराठीत मागून हाक, वळला नाही, समोरून हाक, हसला." अशी चार पानं झाली की डॉक्टरांनाही त्यांचा उपयोग होतो. निदान करणं तुझं काम नाही. ऑटिझम हा शब्द तू आईसमोर काढायचा नाही, मी बजावून सांगते. केंद्रानं २०२३ च्या नोव्हेंबरात दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल काढला, त्यातही तुझं काम एवढंच आहे: लवकर ओळखायचं, मुलाला वर्गात सामावून घेऊन घरच्यांना धीर द्यायचा, आणि आशाताई, नर्सबाई व आरोग्य पथकामार्फत पुढं पाठवायचं.

ते पथक म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, २०१३ पासूनचं. अंगणवाडीत त्यांनी वर्षातून दोनदा यायचं असतं. ते आल्यावर तू त्या पोराला समोर उभं करून बाजूला होऊ नकोस. ते घाईत असतात, कन्नडमध्ये नाव विचारतील, पोरगं गप्प राहील, आणि कार्डावर एक ओळ लिहून जातील. तू वही पुढं कर आणि म्हण, याला घरी मराठी बोलतात, मराठीत विचारा, नाहीतर मी विचारते. लाजू नको. पुढच्या फेरीला उशीर असेल तर वाट बघत बसू नको, आशाताईंना घेऊन कागद कर आणि जिल्हा रुग्णालयात पाठव.

कायद्याचं म्हणशील तर २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत, ऑटिझम त्यात आहे, १९९५ च्या कायद्यात तो नव्हता. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला की सवलती मिळतात. पण मोफत शिक्षणाचा हक्क त्या कायद्यात सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत, शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा. मातृभाषेत शिकवण्याबद्दलचं घटनेतलं ३५०-अ हे कलम १९५६ साली आलं, तेही प्राथमिक शाळेपुरतं. तीन ते सहा या वयाच्या मुलासाठी, म्हणजे ज्या वयात सगळ्यांत जास्त करता येतं त्या वयासाठी, असा ठाम हक्क कुठंच लिहिलेला नाही. त्या तीन वर्षांत त्याची भाषा कुणी विचारली तर ती तुझ्यासारखी एखादी बाईच विचारणार. म्हणून तुझ्यावर ओरडते आहे.

कानाची तपासणी आधी कर, बाकी सगळं नंतर. कान नीट आहे की नाही हे कळल्याशिवाय पुढच्या कुठल्याही शंकेला अर्थ नाही. बेरा नावाची तपासणी असते, डोक्याला छोट्या पट्ट्या लावून करतात, मुलानं उत्तर द्यावं लागत नाही, त्यामुळं तिथं भाषेची अडचणच येत नाही. जन्मापासून बहिऱ्या मुलाला इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात यंत्र बसवायचं तर जेवढं लवकर तेवढा फायदा, आणि सरकारी मदतीलाही वयाची अट असते. चार वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला थांबायला वेळ नाही. ही तपासणी मूल झोपलेलं असताना करतात. आईला सांग, आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, आणि खानापूरहून बेळगावला येताना एसटीत काही केल्या डोळा लागू देऊ नका. बसमध्ये झोपलं की तिथं टक्क जागं राहतं आणि पुन्हा तारीख घ्यावी लागते. सोबत आजीला घ्या, गाणी म्हणून जागं ठेवायचं काम तिचं. काय निघालं ते कळव. वहीची पानंही पाठव.

तुझी,
बाई