शुल्क भरण्यापूर्वी

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतले पहिले वर्ष संपते न संपते तोच एका ‘ऑनर सोसायटी’चे, म्हणजे गुणवंत विद्यार्थ्यांना सभासद करून घेणाऱ्या संस्थेचे, निमंत्रण आले आणि शुल्क भरायला दहाच दिवस उरले आहेत, असे तू लिहिले आहेस. घरच्यांना आनंद होणारच. तरीही पैसे भरण्याची घाई करू नकोस.

या संस्थांची परंपरा जुनी आणि खरी आहे. फाय बीटा कॅपा ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झाली. तुझ्या अभियांत्रिकीसाठी महत्त्वाची टाउ बीटा पाय १८८५ साली लीहाय विद्यापीठात. या संस्थेत गुणानुक्रमे तिसऱ्या वर्षाचा वरचा एक-अष्टमांश आणि शेवटच्या वर्षाचा वरचा एक-पंचमांश एवढ्यांचाच विचार होतो, शिवाय चारित्र्यही पाहिले जाते. तेव्हा पहिल्याच वर्षाअखेर आलेले बोलावणे कोणाचे आहे, हे आधी तपास: त्या संस्थेची शाखा तुझ्या विद्यापीठात आहे का, तिचे मार्गदर्शक प्राध्यापक कोण, गेल्या सत्रात त्यांनी काय केले, हे विभागाच्या कार्यालयात पाच मिनिटांत कळते. मी न विचारताच एका संस्थेला पैसे पाठवले होते. सोनेरी अक्षरांचे प्रमाणपत्र आले, कोटाला लावायची पिन आली. बैठक मात्र एकही झाली नाही. ती पिन अजून खणात आहे.

खरी निवड झाली, तर मान जरूर स्वीकार. पण तो मान मिळवलेल्या गुणांचा असतो. माणसे जोडली जातात ती विद्यार्थ्यांच्या क्लबात. बाहा एसएई या गाडी बांधण्याच्या विद्यार्थी-स्पर्धेच्या चमूत एका आसनाची, खडकाळ वाटेवर धावणारी गाडी विद्यार्थी स्वतः बांधतात आणि चार तासांच्या शर्यतीत उतरवतात. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात मध्यरात्री सस्पेन्शनचे वेल्डिंग तडकले, की आपला इंग्रजी उच्चार बरोबर आहे का, ही तुझी धास्ती कोणाच्या लक्षातही राहणार नाही. वर्कशॉप नको असेल, तर क्लबची खजिनदार हो. विद्यार्थी परिषदेपुढे अंदाजपत्रक मांडून एकेका खर्चाचे समर्थन करणे हे फार कमी जणांना जमते, आणि मुलाखतीत त्याबद्दल हमखास विचारतात.

सप्टेंबरात क्लबांचा मेळावा भरेल, तेव्हा दहा याद्यांत नाव घालण्यापेक्षा एकच क्लब निवड. पहिल्या बैठकीला पिझ्झा असतो, त्यामुळे खोली भरते. दुसऱ्या बैठकीला कोण कोण उरले, ते मला कळव.

तुझा हितचिंतक