कधीतरीच येणारा बग डेव्हलपरला दाखवायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फॉर्मवर ‘सेव्ह’ दाबल्यावर कधीकधी एकाऐवजी दोन नोंदी होतात. तुम्ही तिकीट (बगची लेखी तक्रार) टाकता, डेव्हलपर दोनदा करून बघतो आणि ‘माझ्याकडे होत नाही’ लिहून ते बंद करतो. अशा वेळी टेस्टरने काय करावं?

पहिली गोष्ट, व्हिडिओच्या मागे लागू नका. व्हिडिओने बग आहे हे पटतं, पण तो का येतो ते कळत नाही. तुमचं काम बग येण्याचं प्रमाण वाढवणं. वीसात एकदा येणारा बग दोनात एकदा यायला लागला की अर्धं निदान झालेलंच असतं, कारण ज्या गोष्टीमुळे प्रमाण वाढलं ती कारणाच्या जवळची असते.

त्यासाठी आधी मोजा. ‘कधीकधी’ हा आकडा नाही. एका कागदावर प्रत्येक प्रयत्नाची ओळ लिहा: वेळ सेकंदासकट, बिल्ड (सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती), ब्राउझर, कोणतं लॉगिन, कोणता डेटा, बग आला की नाही. बग न आलेल्या ओळीही हव्यात, नेमक्या त्याच बहुतेक लोक लिहीत नाहीत. ‘४० पैकी ३’ असं एकदा हातात आलं की पुढचा प्रत्येक बदल त्या आकड्याशी ताडून बघता येतो.

मग एका वेळी एकच गोष्ट बदला. सहसा नजरेतून सुटतात त्या या: नेटवर्कचा वेग, बटण किती झटपट दाबलं, तेच पान दुसऱ्या टॅबमध्ये उघडं होतं का, सेशन (लॉगिन केल्यापासूनचा काळ) ताजं की जुनं, त्या खात्यात आधीच्या नोंदी किती, महिनाअखेर किंवा मध्यरात्र जवळ होती का, सर्व्हर किती वेळ चालू होता. शेवटचं वाचून हसू नका. विंडोज ९५ सलग ४९.७ दिवस चालल्यावर अडकायचं, कारण मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा आकडा तेवढ्या वेळात भरतो. आणि थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राची १९८६ मधली चूक तर ऑपरेटरने माहिती भराभर दुरुस्त केली तरच उमटायची. सावकाश टाइप करून बघणाऱ्याला ती दिसणं शक्यच नव्हतं. तुमचा डेव्हलपरही बहुधा सावकाश टाइप करणाराच आहे, तेही स्वतःच्या मशीनवर, जिथे सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यात नेटवर्कच नाही.

दुहेरी नोंदीसाठी मी सुरुवात अशी करेन. क्रोमची डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबमध्ये ‘प्रिझर्व्ह लॉग’ला टिक करा (नाहीतर पान बदलताच यादी पुसली जाते), थ्रॉटलिंगमध्ये (नेटवर्क मुद्दाम संथ करण्याची सोय) स्वतःची प्रोफाइल बनवून लेटन्सी, म्हणजे उत्तर यायला लागणारा उशीर, २००० मिलिसेकंद ठेवा. आता ‘सेव्ह’ दोनदा झटकन दाबा. पुढच्या खेपेला शेवटच्या रकान्यात एंटर मारून लगेच क्लिक करा. त्यानंतर सेव्ह चालू असतानाच पान रिफ्रेश करा आणि ब्राउझरने ‘पुन्हा पाठवू का’ विचारलं तर हो म्हणा. तिन्ही प्रकारांचे आकडे वेगवेगळे लिहा.

नोंद दुहेरी झाली की लगेच तीन ठिकाणी मोजा. नेटवर्क टॅबमध्ये पोस्ट रिक्वेस्ट (माहिती सर्व्हरला पाठवणाऱ्या विनंत्या) किती गेल्या, सर्व्हरच्या लॉगमध्ये किती पोचल्या, डेटाबेसमध्ये ओळी किती पडल्या. ब्राउझरमधूनच दोन गेल्या असतील तर गडबड स्क्रीनकडे. ब्राउझरमधून एक आणि लॉगमध्ये दोन, तर मधला प्रॉक्सी किंवा लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरकडे पोचवणारे मध्यस्थ) वेळ संपल्यावर तीच विनंती पुन्हा पाठवतोय का ते बघायला सांगा. लॉगमध्येही एकच आणि ओळी दोन, तर सर्व्हरच्या कोडमध्ये शोधायचं. मागे मेसेजची रांग (सर्व्हर नंतर एकेक करून उचलतो त्या कामांची यादी) असेल तर तोच मेसेज दोनदा उचलला गेल्याचीही शक्यता असते. हे तीन आकडे तिकिटात असले की ‘होत नाही’ म्हणणं अवघड जातं.

तिकिटाचा मथळाही तसाच हवा. ‘कधीकधी डुप्लिकेट एंट्री’ नको. ‘लेटन्सी २ सेकंद असताना सेव्ह दोनदा दाबल्यास दोन नोंदी, २० पैकी १९ वेळा’ असं लिहा. खाली बिल्ड क्रमांक, दोन्ही नोंदींचे आयडी आणि वेळ. ही वेळ कोणत्या टाइमझोनची तेही लिहा. सर्व्हरचे लॉग अनेकदा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात आणि डेव्हलपर भलत्याच तासाचा लॉग चाळत बसतो. एचएआर फाइल (नेटवर्क टॅबमधल्या सगळ्या नोंदींची साठवलेली प्रत) जोडणार असाल तर आधी तिच्यातल्या कुकी आणि टोकन, म्हणजे तुमच्या लॉगिनच्या खुणा, काढा.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. दुरुस्ती आली, तुम्ही तीनदा करून बघितलं, बग आला नाही, तिकीट बंद. बग दहात एकदा येणारा असेल तर काहीही दुरुस्त न करताही तीन प्रयत्न कोरे जाण्याची शक्यता सुमारे ७३ टक्के आहे. ९५ टक्के खात्री हवी असेल तर सलग २९ कोरे प्रयत्न लागतात; वीसात एकदा येणाऱ्यासाठी ५९. तोच बग तुम्ही आधीच दोनात एकदा आणून ठेवला असेल तर ५ पुरतात. बग कोणत्या बिल्डपासून आला हे शोधतानाही हाच हिशेब लागतो: ६४ बिल्ड निम्मे-निम्मे करत गेलात तर ६ टप्पे, पण एका सदोष बिल्डला घाईने ‘चांगलं’ म्हटलंत की पुढचे सगळे टप्पे चुकीच्या अर्ध्यात जातात.

आणि दुरुस्ती तपासताना डेव्हलपरने नुसतं बटण एका क्लिकनंतर बंद केलंय का ते बघा. तेवढंच केलं असेल तर बग झाकला गेलाय, गेला नाही. नेटवर्क टॅबमध्ये त्या रिक्वेस्टवर राइट क्लिक करून ‘कॉपी अ‍ॅज कर्ल’ घ्या (तीच विनंती ब्राउझरशिवाय पाठवणारी आज्ञा मिळते) आणि टेस्ट सर्व्हरवर तीच आज्ञा दोनदा एकाच वेळी चालवा. एकामागोमाग नव्हे, एकाच वेळी. कारण ‘अशी नोंद आधी आहे का’ हे बघणं आणि नवी लिहिणं यांच्या मधल्या फटीतूनच दुसरी नोंद आत शिरते. दोन ओळी पडल्या तर तिकीट पुन्हा उघडा आणि डेटाबेसमध्ये युनिक बंधन (तीच नोंद दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम) किंवा प्रत्येक सेव्हला स्वतंत्र ‘की’, म्हणजे ओळखक्रमांक, मागा. दुसरी रिक्वेस्ट नाकारली गेली तरी कारण वाचा. फॉर्मसोबत जाणारं, एकदाच चालणारं टोकन (गुप्त आकडा) संपल्यामुळे ती नाकारली असेल, तर दुहेरी नोंदीची तपासणी अजून झालेलीच नाही. नवं टोकन घेऊन पुन्हा चालवा.