जावेशी बोलणं बंद झालंय? आधी एवढंच करा

ताई, पहिलं म्हणजे घाबरू नका, घरात पाण्याच्या मोटरवरून जावेशी वाद झाला म्हणून तुमचा विश्वास कच्चा ठरत नाही. बायबलमधलं रोमकरांस 12:18 वाचा, प्रेषित पौल म्हणतो शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितकं, सगळ्यांशी शांतीने राहा. समोरच्याचं मन तुमच्या हातात नाही.

नवीन विश्वासणारे हमखास करतात त्या चुका:

- आधी मंडळीत (चर्चमध्ये) चार जणींना सांगायचं, वर "प्रार्थना करा हं". मत्तय 18:15 मध्ये येशू सरळ सांगतो, ज्याने तुमचा अपराध केला, आधी एकट्याने त्याच्याकडे जा. जाऊ भाजी निवडत बसली असेल तेव्हा शेजारी बसा, दोन शेंगा हातात घ्या, पाण्याच्या मोटरवरून जे झालं तेवढंच बोला, मागच्या नाताळचं उकरून काढू नका.
- गप्प बसलं की शांती झाली असं समजणं. आत धुमसतंच ना.
- व्हॉट्सॲपवर माफी. तोंडाने मागा, "माझं चुकलं", पुढे "पण" नको.

आणि हो, कोणी हात उगारत असेल तर तिथे सहन करत बसायचं नाही, लगेच मदत घ्यायची.

येशूने सांगितलेली सत्तर वेळा सातदा क्षमा वगैरे नंतर बघू. या आठवड्यात फक्त तिला चहाला हाक मारा.